पाण्याला भ्यायलेल्या माणसाचं झाड

आमच्या पिंपळगाव बसवंतला एअर प्लँट दाखवा, हमखास ऐकाल, "हे तर बांडगूळ!" पण बांडगूळ दुसऱ्या झाडाचा रस पितं. हे नुसतं फांदीला धरून बसतं, आपल्या आंब्यावरच्या आमरीसारखं.

मूळचं अमेरिकेतलं, अननसाच्या कुळातलं. शास्त्रीय नाव टिलँडसिया. सतराव्या शतकात एलियास टिलँड्झ नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ तुर्कूहून स्टॉकहोमला निघाला. बोट एवढी लागली, की परतताना पठ्ठ्या बोथनियाच्या आखाताला वळसा घालून जमिनीवरून आला म्हणे! लिनिअसला वाटलं, या झाडालाही पाणी सोसत नाही. म्हणून १७५३च्या ग्रंथात हेच नाव.

गोची इथेच आहे. हे झाड पाणी पितं, फक्त मुळांऐवजी पानांवरच्या बारीक खवल्यांनी. द्राक्षाला पानांतून खत फवारणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांना याचं नवल वाटू नये.

शहरात मात्र लोक 'हवेवर जगतं' यावर विश्वास ठेवून त्याला तहानेनं मारतात. त्यामुळे माझा शनिवारचा नेम: अर्धा तास पाण्यात बुडवायचं, उलटं धरून झटकायचं, पंख्याखाली सुकवायचं. गाभ्यात पाणी राहिलं तर कुजतं. खिडकीतला उजेड हवा, भर दुपारचं ऊन नको.

थोडक्यात, नावावर जाऊ नका :)