कचराकुंडीपाशी भरलेला वर्ग

विद्यापीठ म्हटले की फळा आणि बाके डोळ्यांपुढे येतात. पण १९९० च्या सुमारास पुण्यातील एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील शिक्षिका कचरा वेचणाऱ्या मुलांना अक्षरे शिकवू लागल्या आणि त्यांच्याबरोबर, त्यांच्या आयांबरोबर कचराकुंड्यांपर्यंत गेल्या. तिथे उमगले, की घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा ठेवला, तर या बायकांचे हाल कमी होतील आणि चार पैसेही जास्त मिळतील. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पुढे पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी तिची ओळखपत्रे मान्य केली. चोर समजून हटकल्या जाणाऱ्या बाईला दाखवायला कार्ड मिळाले. आता सार्वजनिक धोरणाचे अभ्यासक्रम निघाले आहेत. चिंचवडला सकाळी कचरावेचक बाई दिसली, की मला वाटते, त्या विद्यार्थ्यांचा पहिला तास हिच्याबरोबर व्हावा.