काटा उतरला, गाडी गेली

लग्नसराईत एरंडोल-धुळे रस्त्याला बॉनेट उघडं टाकून उभी असलेली एखादी मारुती 800 हमखास दिसते. हे मॉडेल 2014 सालीच बंद झालं, म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण गाडीही आता दहा वर्षांच्या पुढची. मुहूर्त 12:35 चा असेल, तर तिचा दिवस साधारण असा जातो.

सकाळी 7:30. गाडी पुसली, टायरची हवा बघितली. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतलं. ते पंधरवड्याला ओतावं लागतं. जातं कुठे, हे कोणी विचारत नाही. वरचा होज पाइप बाहेरून काळाभोर, धडधाकट. पण हे रबर आतून मरतं. वेगवेगळे धातू आणि मधलं पाणी यांमुळे सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि क्लिपपासून दोनेक इंचांत होजला आतून चिरा पडतात. गार इंजिनावर तिथे अंगठ्याने दाबलं असतं, तर लिबलिबीत लागलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

10:15. निघाले. मागे आई, दोन पोरं, डिकीत आहेराची भांडी.

10:50. पारोळा, चहा. गाडीखाली ओला डाग. "एसीचं पाणी असेल." एसी दोन वर्षांपासून बंद आहे.

11:20. पारा 44 वर, पुढे उसाचा ट्रॅक्टर नाही तर कंटेनर. रेडिएटरचं झाकण साधारण 0.9 बार दाब धरतं, म्हणून आतलं पाणी शंभरला न उकळता 118 अंशांपर्यंत तग धरतं. तो सगळा दाब होजवर.

11:32. क्लिपपाशी होज फाटला. दाब गेला, पाण्याची वाफ झाली. तापमानाचा काटा लाल रेषेला.

11:34. काटा खाली आला.

खरा घात इथे झाला. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच पाण्याचं तापमान सांगतो. पाणी संपलं की त्याच्याभोवती नुसती हवा उरते. "उतरला बघ. फागण्यापर्यंत जाऊ, तिथे बघू." याच क्षणी गाडी बाजूला घेतली असती, तर एका होजवर भागलं असतं.

11:41. इंजिन बंद. अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलेलं, गॅस्केट गेलेलं. चिरंजीव फडकं घेऊन झाकण उघडायला धावले. आईने मनगट धरलं. "थांब रे, भाजशील. गार होऊ दे आधी." आणि गार पाणीही ओतू दिलं नाही, नाहीतर हेडला तडाच गेला असता.

1:10. तिकडे अक्षता पडून गेल्या. मेकॅनिक मोटारसायकलवर आला. "पाइप फुटी गया, भाऊ." मग त्याने ऑइलची पट्टी ओढली. ऑइल दुधाच्या चहासारखं. पुढे तो काही बोलला नाही, फोन काढून टोचनवाल्याला लावला.

होज बदलायला काही शे रुपये लागतात. हेडचं काम हजारांत जातं. वरचा, खालचा आणि हीटरचे, सगळे होज क्लिपांसकट एकदमच बदला आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरा. बॉनेट उघडंच आहे तर पेट्रोलच्या नळ्याही तपासून घ्या. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यामुळे बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच 2025 मध्ये सांगितलं आहे.