मोजलेली पुस्तके, न मोजलेले प्रश्न

अभियांत्रिकीचा प्राध्यापक ग्रंथालयात येतो तेव्हा त्याला बहुधा अख्खे पुस्तक नको असते. काँक्रीट शिकवणाऱ्याला आयएस 456 या मानकाची चालू आवृत्ती आणि तिच्यात नंतर झालेल्या दुरुस्त्या हव्या असतात. धातुशास्त्र शिकवणाऱ्याला एखाद्या मिश्रधातूचा आलेख हवा असतो. संशोधन करणाऱ्याला तर आपल्याच प्रश्नावर गेल्या सहा महिन्यांत जगात कोणी काय छापले, एवढेच कळायला हवे असते. मानके, पेटंट, परिषदांतले निबंध, तांत्रिक अहवाल यांतले बरेचसे पाठ्यपुस्तकांच्या कपाटात कधी येतच नाही. ही गरज भारतीय ग्रंथालयशास्त्राने फार लवकर ओळखली होती. तरीही आपली महाविद्यालये आजतागायत पुस्तकेच मोजत राहिली. असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात मद्रासमध्ये होते. 1924 साली मद्रास विद्यापीठाने शियाळी रामामृत रंगनाथन या गणिताच्या अध्यापकाला ग्रंथपाल नेमले. रिकाम्या ग्रंथालयात बसून ते इतके कंटाळले की पुन्हा शिकवायला जातो म्हणू लागले. आधी इंग्लंडला जाऊन या विषयाचे शिक्षण घ्या, मग ठरवा, असे सांगून त्यांना लंडनला पाठवण्यात आले. परतले ते हाडाचे ग्रंथपाल होऊन. 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा त्यांतला चौथा. 1933 साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली.

तंत्रशास्त्राच्या दृष्टीने या पद्धतीचे मोल मोठे होते. जुन्या पद्धतींत बहुतेक विषयांच्या जागा आधीच ठरवून ठेवलेल्या असत. पण ‘समुद्राच्या पाण्यात पोलादाला लागणारा गंज’ हा विषय एका खणात बसत नाही. त्यात पदार्थ आहे, प्रक्रिया आहे आणि परिस्थितीही आहे. रंगनाथन यांनी विषयाचे असे पैलू सुटे करून पुन्हा जोडण्याची सोय केली. ग्रंथपालाने पुस्तकाच्या नावाआधी वाचकाचा प्रश्न समजून घ्यावा, ही अपेक्षा त्यात गृहीत होती.

स्वातंत्र्यानंतर या विचाराला संस्थेचे रूप आले. 1952 साली युनेस्कोच्या साहाय्याने नवी दिल्लीत ‘इन्सडॉक’ हे वैज्ञानिक प्रलेखन केंद्र उभे राहिले. एखाद्या शोधनिबंधाची प्रत काढून पाठवणे, रशियन किंवा जर्मन मजकुराचे भाषांतर करून देणे, एका विषयावरच्या लेखनाची सूची बनवणे, अशी कामे ते करत असे. 1965पासून भारतीय विज्ञानलेखनाचे गोषवारे देणारे नियतकालिकही तेथून निघू लागले. ग्रंथालयात नियतकालिक नसले तरी त्यातला हवा तो निबंध हाती पडू शकतो, हा भरवसा त्या काळी मोठा होता.

पुढचे पाऊल संगणकाचे होते. प्रत्येक संशोधकाच्या विषयाची नोंद ठेवायची आणि नवे साहित्य आले की त्याच्या कामाचे तेवढेच निवडून कळवायचे, ही कल्पना आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी 1958 साली मांडली. 1970च्या दशकात इन्सडॉकने मद्रास आयआयटीच्या संगणकाचा वापर करून अशी सेवा चालवून पाहिली. म्हणजे प्राध्यापकाने विचारण्याआधीच त्याची गरज ओळखायची, इथवर आपण पोहोचलो होतो.

मात्र हे सारे मोठ्या संस्थांपुरते राहिले. 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नवी महाविद्यालये निघाली. त्यांच्या मान्यतेसाठी ग्रंथालयाचेही निकष आले: शीर्षके किती, प्रती किती, नियतकालिके किती. कागदावर तपासता येण्याजोगे तेवढेच होते. पण एखाद्या प्राध्यापकाला हवा असलेला निबंध किती दिवसांत मिळाला, हे कोणत्याच रकान्यात नव्हते. साहजिकच ग्रंथपालाचा बराच वेळ दाखलनोंदवही पुरी करण्यात जाऊ लागला.

त्यात 1991 साली रुपयाचे अवमूल्यन झाले आणि परकी चलनात पैसे मोजावी लागणारी नियतकालिके आणखी महागली. एकेकट्या ग्रंथालयाने प्रकाशकाशी झगडण्याऐवजी सर्वांनी मिळून खरेदी करावी, या विचारातून 2003 साली तंत्रशिक्षण संस्थांसाठी ‘इंडेस्ट’ हा संघ उभा राहिला. आयआयटींसारख्या संस्थांचा खर्च केंद्राने उचलला. खासगी महाविद्यालयांना सवलतीच्या दरात, पण स्वतःच्या पैशाने त्यात येता येई. नोव्हेंबर 2024मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेला मंजुरी दिली: 3 वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके. ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य अभियांत्रिकी महाविद्यालये खासगी आहेत. ती या पहिल्या टप्प्याच्या बाहेर राहतात.

हा अन्याय आहेच, पण सारी उणीव पैशाची नाही. भारतीय मानके आता संकेतस्थळावरून विनाशुल्क उतरवून घेता येतात. पेटंटचे दफ्तर सर्वांना खुले आहे. डेलनेटसारख्या जाळ्यातून दुसऱ्या ग्रंथालयातला निबंध मागवता येतो. हे सगळे असून प्राध्यापकापर्यंत पोहोचत नाही, कारण मधला माणूस नाही, किंवा असला तरी त्याला त्या कामासाठी मोकळे ठेवलेले नाही. यंत्र विभागात सध्या कोण कशावर काम करतो आहे, स्थापत्यच्या प्रयोगशाळेत कोणते मानक वापरात आहे, कोणते रद्द झाले, हे ग्रंथपालाला माहीत असायला हवे. त्यासाठी त्याने महिन्यातून एकदा तरी काउंटर सोडून विभागांत जाऊन बसले पाहिजे. आणि तपासणीला येणाऱ्या समितीने प्रतींच्या संख्येशेजारी आणखी एक आकडा विचारला पाहिजे: प्राध्यापकांचे किती प्रश्न आले आणि त्यांतले किती सुटले? तो विचारला जाऊ लागला, तर रंगनाथन यांचा चौथा नियम परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतून ग्रंथालयात येईल.