रस्ता हवा, पण इथून नको: पोंडोलँडची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आज जरा लांब जायचंय. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, डर्बनच्या खाली, पोंडोलँड नावाचा प्रदेश आहे. हिरव्या टेकड्या, खोल दऱ्या, गोल घरं आणि समोर हिंदी महासागर. या किनाऱ्याला नावच पडलंय 'वाइल्ड कोस्ट'. ऑलिव्हर टांबो आणि विनी मंडेला, दोघंही याच भागातल्या बिझाना परिसरातले.

आता मला सांगा, गावाजवळून हायवे जाणार म्हटल्यावर तो कुणाला नको असतो? दवाखाना जवळ येतो, माल बाजारात लवकर पोचतो. मग इथल्या किनाऱ्यावरच्या गावांनी वर्षानुवर्षं विरोध का केला? हे समजून घ्यायला आधी मागे जावं लागेल.

१८९४ मध्ये ब्रिटिशांच्या केप वसाहतीने पोंडोलँड आपल्यात सामील करून घेतलं. पुढे वर्णभेदी सरकार आलं आणि १९५१ च्या एका कायद्याने गावांचा कारभार सरकारला सोयीच्या प्रमुखांकडे गेला. नवे कर आले, जमिनींची नव्याने आखणी सुरू झाली, गुरं कमी करा असे हुकूम सुटले. लोक भडकले. टेकड्यांवर सभा भरायला लागल्या. ६ जून १९६० ला न्गुझा टेकडीवर अशीच एक सभा चालू होती. पोलिसांनी आकाशातून अश्रुधूर सोडला आणि मग गोळ्या झाडल्या. ११ माणसं मेली. नंतर आणीबाणी, धरपकड, काहींना फाशीसुद्धा झाली. हाच तो पोंडो उठाव. जमिनीचा निर्णय वरून आला की काय होतं, हे इथल्या लोकांनी असं भोगलंय.

आता हायवेकडे येऊ. दक्षिण आफ्रिकेचा एन-टू महामार्ग या भागात किनारा सोडून बराच आतून, वळणं घेत जातो. सरकारी रस्ते संस्थेने ठरवलं की किनाऱ्याजवळून सरळ रस्ता काढायचा. अंतर सुमारे ८० किलोमीटरने कमी होणार, ट्रकवाल्यांचे काही तास वाचणार. पण मधे दऱ्या आहेत. एकट्या म्सिकाबा नदीवरचा पूलच ५८० मीटर लांब आणि दरी जवळजवळ २०० मीटर खोल!

२००३ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. लोकांनी अपील केलं आणि २००४ मध्ये ती रद्द झाली. कारण काय? पर्यावरणाचा अभ्यास करणारी कंपनी स्वतंत्रच नव्हती, रस्ता बांधू पाहणाऱ्या गटात तिचे हितसंबंध होते. २०१० मध्ये पुन्हा मंजुरी आली. पुन्हा अपिलं झाली, पण या वेळी ती फेटाळली गेली.

दरम्यान दुसरंच प्रकरण पेटलं होतं. अमाडिबा भागात कोलोबेनी नावाची जागा आहे. (खरं तर यातलं पहिलं अक्षर गालातून 'टक्' असा आवाज काढून म्हणतात, आपले गाडीवान बैल हाकताना काढतात तसा. आपण सोपं करून कोलोबेनी म्हणू.) तिथल्या तांबड्या वाळूत टायटॅनियम आहे. एका ऑस्ट्रेलियन कंपनीला २२ किलोमीटरच्या किनारपट्टीत खाण हवी होती. लोकांनी २००७ मध्ये अमाडिबा क्रायसिस कमिटी उभी केली. त्यांना संशय होता की रस्ता खाणीसाठीच इतका किनाऱ्याजवळून चाललाय. रस्ते संस्थेने हा संबंध कायम नाकारला.

आणि इथे एक गोष्ट नीट ऐका. कमिटी 'रस्ताच नको' म्हणत नव्हती. तिचं म्हणणं होतं, रस्ता साधारण दहा किलोमीटर आत सरकवा. आमची शेतं, गुरांची कुरणं आणि पूर्वजांची थडगी चिरत नेऊ नका. दुसऱ्या बाजूला पोंडोलँडमध्येच रस्ता मनापासून हवा असलेली माणसंही होती, आजही आहेत. तिथे बेकारी मोठी आहे, पोरं कामासाठी दूर खाणींवर जातात. त्यांना खोटं कसं ठरवणार?

या भांडणात रक्तही सांडलं. २२ मार्च २०१६ ला कमिटीचे अध्यक्ष सिखोसिफी 'बझूका' ऱ्हाडेबे यांना त्यांच्या घरी गोळ्या घालून मारलं. मारेकरी पोलीस असल्याचं सांगत आले होते.

तरी गावं मागे हटली नाहीत. त्यांच्या प्रमुख डुडुझिले बालेनी आणि इतर लोक कोर्टात गेले. त्यांच्या हातात १९९६ चा एक कायदा होता. कागदावर मालकी नसली, तरी परंपरेने जमीन कसणाऱ्यांचा हक्क तो मानतो. २२ नोव्हेंबर २०१८ ला प्रिटोरियाच्या हायकोर्टाने निकाल दिला: लोकांची पूर्ण आणि समजून-उमजून दिलेली संमती नसेल, तर खाणीचा परवाना देता येणार नाही. नुसती बैठक घेऊन 'आम्ही विचारलं होतं' म्हणणं पुरेसं नाही.

अर्थात हा निकाल खाणीपुरता होता. रस्ता थांबला नाही, मोठ्या पुलांची कामं सुरू झाली. म्हणजे हा संपूर्ण विजय नाही. पण १९६० मध्ये ज्यांच्या सभेवर गोळ्या चालल्या, त्यांच्याच भागातल्या लोकांना कोर्टाने सांगितलं की तुमच्या 'नाही'ला वजन आहे.

पुढच्या वेळी कुठल्या रस्त्याची बातमी वाचलीत आणि खाली कुणी 'हे लोक विकासाच्या आड येतात' असं लिहिलेलं दिसलं, तर एकच विचारा: ते लोक नेमकं काय मागतायत? कदाचित त्यांनाही रस्ता हवाच असेल, फक्त थोडा आतून.

तुमच्या गावात असं काही घडलंय का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!