तिजोरीची किल्ली आणि मागचे दार

अमेरिकेच्या घटनाकारांनी १७८७ मध्ये तिजोरीची किल्ली राष्ट्राध्यक्षाकडे न देता काँग्रेसच्या स्वाधीन केली. कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज कोषागारातून एक छदामही काढता येणार नाही, असे त्या घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात सांगितले आहे. भारतीय श्रोत्याला ही तरतूद अनोळखी वाटू नये. आपल्या घटनेच्या ११४ व्या अनुच्छेदाने संचित निधीभोवती असेच कुंपण घातलेले आहे. परंतु पैसा मुळी कोषागारातून आलाच नाही तर? हा प्रश्न १९८४ नंतर वॉशिंग्टनमध्ये उभा राहिला, आणि त्याला निमित्त झाले मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या लहानशा देशाचे.

निकाराग्वात १९७९ मध्ये सोमोझा घराण्याची सत्ता उलथून सँडिनिस्टा पक्ष अधिकारावर आला. रोनाल्ड रेगन यांना त्या राजवटीत क्यूबाची आणि सोव्हिएट रशियाची पावले दिसत होती. डिसेंबर १९८१ मध्ये त्यांनी सी. आय. ए. या गुप्तवार्ता संस्थेला सँडिनिस्टांविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना गुप्तपणे साह्य करण्याची अनुज्ञा दिली. हे बंडखोर ‘काँट्रा’ या नावाने ओळखले जातात. काँग्रेसला मात्र व्हिएतनामचा विसर पडलेला नव्हता. गुप्त कारवायांची माहिती तिच्या समित्यांना दिली पाहिजे, असे बंधन १९७४ च्या आणि १९८० च्या कायद्यांनी सरकारवर घातलेले होते.

डिसेंबर १९८२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष एडवर्ड बोलंड यांची दुरुस्ती ४११ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाली. निकाराग्वाचे सरकार उलथून पाडण्याच्या उद्देशाने सी. आय. ए. अथवा संरक्षण खाते यांनी पैसा खर्च करू नये, एवढेच तीत म्हटले होते. एकही विरोधी मत न पडणारा कायदा बहुधा कोणालाच फारसा बोचणारा नसतो. सरकारने उत्तर दिले की, आमचा उद्देश केवळ एल साल्वादोरकडे जाणारी शस्त्रे अडविण्याचा आहे. काँट्रांचे नेते स्वतःचा उद्देश उघडपणे निराळा सांगत होते, ही गोष्ट वेगळी. उद्देश माणसाच्या मनात असतो, आणि मनाची लेखातपासणी कोणत्याही महालेखापालाला करता येत नाही.

तेव्हा काँग्रेसने मनाचा नाद सोडून आकडा धरला. १९८३ च्या अखेरीस २ कोटी ४० लाख डॉलर ही खर्चाची कमाल मर्यादा ठरविण्यात आली. पुढे १९८४ च्या वसंतात निकाराग्वाच्या बंदरांत सी. आय. ए.ने सुरुंग पेरविल्याचे उघडकीस आले. सेनेटच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष बॅरी गोल्डवॉटर हे रेगन यांच्याच पक्षाचे, धोरणालाही अनुकूल. परंतु आपल्याला नीट कळविले गेले नाही, या एका गोष्टीने ते संतापले आणि संस्थेचे प्रमुख विल्यम केसी यांना त्यांनी खरमरीत पत्र लिहिले. त्या ऑक्टोबरात बोलंड यांची कडक दुरुस्ती आली. सी. आय. ए., संरक्षण खाते आणि ‘गुप्तवार्तेच्या कामात गुंतलेली’ इतर कोणतीही सरकारी यंत्रणा यांनी काँट्रांच्या लष्करी कारवायांवर पैसा खर्च करण्यास तीत मनाई होती.

सारे प्रकरण पुढे या तीन शब्दांवर फिरले. राष्ट्राध्यक्षाला सल्ला देण्यासाठी १९४७ च्या कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा परिषद निर्माण झाली होती. ती गुप्तवार्तेच्या कामात गुंतलेली यंत्रणा आहे काय? नाही, असा अभिप्राय गुप्तवार्तेवर देखरेख करणाऱ्या मंडळाच्या वकिलाने १९८५ मध्ये दिला. त्यापूर्वीच परिषदेच्या कार्यालयातील लेफ्टनंट कर्नल ऑलिव्हर नॉर्थ काँट्रांसाठी पैसा, विमाने आणि शस्त्रे यांची जुळवाजुळव करू लागले होते. सल्ला देणारे कार्यालय युद्ध चालवू लागले.

पैसा मित्रराष्ट्रांकडून आला. एकट्या सौदी अरबस्तानने ३ कोटी २० लाख डॉलर दिले. ब्रुनेईच्या सुलतानाकडून १ कोटी डॉलर मिळविण्यात आले. पण खातेक्रमांक लिहिताना अंकांची अदलाबदल झाली आणि ती रक्कम स्वित्झर्लंडमधील भलत्याच माणसाच्या खात्यात जमा झाली. कोषागारातून देयक निघाले असते, तर एखाद्या सामान्य लेखनिकाने हा क्रमांक पुन्हा ताडून पाहिला असता. शिवाय इराणला गुप्तपणे विकलेल्या शस्त्रांच्या नफ्यातील काही भागही काँट्रांकडे वळविण्यात आला. काँग्रेसच्या चौकशीप्रमाणे सुमारे १ कोटी ६१ लाख डॉलरच्या नफ्यापैकी निदान ३८ लाख डॉलर या मार्गाने गेले.

काँग्रेस अगदीच झोपेत नव्हती. १९८५ मध्ये तिच्या समित्यांनी सुरक्षा सल्लागार रॉबर्ट मॅक्फर्लेन यांना सरळ विचारले. कायद्याचा भंग झालेला नाही, असे त्यांनी लेखी कळविले. ऑगस्ट १९८६ मध्ये नॉर्थ यांनी प्रतिनिधिगृहाच्या समितीला समक्ष तेच सांगितले. पुढे दोनच महिन्यांनी, ५ ऑक्टोबर रोजी, काँट्रांना शस्त्रे टाकणारे एक विमान निकाराग्वात पाडले गेले आणि त्यातील एक अमेरिकन जिवंत हाती लागला. मग कार्यालयात कागद फाडण्याचे यंत्र अहोरात्र चालू लागले. तरीही वळविलेल्या रकमेचा उल्लेख असलेले एक टिपण २२ नोव्हेंबर रोजी ॲटर्नी जनरलच्या माणसांना सापडले. आणखी एक गोष्ट या मंडळींच्या ध्यानात आली नव्हती: संगणकावरून एकमेकांना धाडलेले निरोप पडद्यावरून पुसले, तरी त्यांच्या प्रती यंत्राच्या साठ्यात शिल्लक होत्या. चौकशी मंडळाला त्या मिळाल्या.

१९८७ च्या उन्हाळ्यात काँग्रेसच्या संयुक्त समित्यांपुढील साक्षी साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिल्या. खटल्यांचा निकाल मात्र विचित्र लागला. बोलंड दुरुस्तीत शिक्षेची तरतूदच नव्हती. मॅक्फर्लेन यांनी काँग्रेसपासून माहिती दडविल्याचा गुन्हा १९८८ मध्ये कबूल केला. नॉर्थ आणि त्यांचे वरिष्ठ ॲडमिरल जॉन पॉइंडेक्स्टर हे दोषी ठरले. परंतु काँग्रेसपुढे अभय देऊन घेतलेल्या त्यांच्याच साक्षीची छाया खटल्यावर पडली, या कारणाने अपिलात त्यांच्या शिक्षा टिकल्या नाहीत. काँग्रेसने सत्य लवकर मिळविण्यासाठी दिलेली ती किंमत होती. १९९२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी मॅक्फर्लेन यांच्यासह सहा जणांना माफी दिली.

कायद्याच्या शब्दांत मात्र फरक पडला. इराणला आधीच धाडलेल्या शस्त्रांस मागाहून संमती देणाऱ्या एका पत्रावर रेगन यांनी डिसेंबर १९८५ मध्ये सही केली होती, आणि प्रकरण फुटू लागताच पॉइंडेक्स्टर यांनी ते पत्र नष्ट केले होते. १९९१ च्या कायद्याने असे ठरविले की, गुप्त कारवाईस राष्ट्राध्यक्षाची संमती लेखी असावी. घडून गेलेल्या कृत्याला ती मागाहून देता येणार नाही. आणि कारवाईत भाग घेणारे प्रत्येक खाते, संस्था वा कार्यालय त्या कागदावर नावानिशी लिहिलेले असावे. परक्यांचा पैसा वा हात त्यात असेल, तर तेही नमूद केले पाहिजे.