टोपलीभर माती

भिलाईच्या सेक्टरमध्ये आम्ही काही मराठी घरे मिळून गणेशोत्सवाला एक हस्तलिखित काढत असू. परवा जुने अंक चाळले. पुण्याचा पाऊस, कोकणातले आजोळ, नागपूरची संत्री, सगळे होते. भिलाई मात्र जवळजवळ कुठेच नव्हती. अक्षर सुरेख, शुद्धलेखन चोख, पण वाचताना मन रमेना. असे का, याचा विचार करताना माधवराव सप्रे आठवले.

सप्रे यांचा जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. घरची भाषा मराठी. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्राहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. सोबतीला रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे. अंक छापायला आधी रायपूर, पुढे नागपूर गाठावे लागे. तोटा सोसत मासिक तीन वर्षे चालले आणि १९०२ च्या अखेरीस बंद पडले. तरी आज सव्वाशे वर्षांनीही त्याचे नाव घेतले जाते. याचे कारण मला असे वाटते, की भोवतालचा वाचक कोण आणि त्याची भाषा कोणती, हे सप्र्यांनी आधी पाहिले. नव्या पुस्तकांची परीक्षणेही त्यांनी तोंडदेखली लिहिली नाहीत.

१९०१ मध्ये याच मासिकात त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. हिंदीतली पहिली कथा म्हणून अनेक जण तिच्याकडे बोट दाखवतात. जमीनदार एका विधवेची झोपडी बळकावतो. चुलीसाठी टोपलीभर माती मागायला आलेली म्हातारी त्यालाच टोपली उचलायला सांगते, आणि ती त्याला उचलत नाही. मग एवढ्या जमिनीचा भार तो जन्मभर कसा पेलणार?

हे वाचून मी थबकलो. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यासाठी इथल्या गावांची शेते गेली. आमचे क्वार्टर त्याच मातीवर उभे आहे, आणि आमच्या अंकांत त्याबद्दल एक ओळही नाही. लिहिणारा मीच होतो.

सप्रेही चुकले. १९०८ मध्ये ‘हिंदी केसरी’वरील राजद्रोहाच्या खटल्यात माफी लिहून ते सुटले. ही सल त्यांनी लपवली नाही. रामदासी मठात राहिले, माधुकरी मागितली. पुढे ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. थोडक्यात, लेखणी पुन्हा हाती घेतली.

नियमाने लिहावे, समोरच्यासाठी लिहावे, आणि पायाखालची माती विसरू नये. यंदाच्या अंकासाठी मी आमच्या सेक्टरच्या जागी आधी काय होते, ते विचारत फिरतो आहे. लेख मराठीत लिहीन आणि हिंदीतही. ज्यांची शेते होती, त्यांच्या नातवंडांना तो वाचता आला पाहिजे.