आज्ञेतून आकृती

नवव्या शतकात बगदादमध्ये मुहंमद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी या विद्वानाने भारतीय अंकांनी हिशेब करण्याच्या रीती लिहून काढल्या. ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. अल्गोरिदम म्हणजे क्रमवार आज्ञा. संगणक चालतो तो त्यांवरच.

ही विद्या शाळकरी मुलांच्या हाती यावी म्हणून १९६७ साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. पुढे तिच्यात चित्र काढणारे कासव आले. ‘१०० पावले पुढे, ९० अंश उजवीकडे’ असे चारदा सांगितले की चौरस होतो. ६० अंशांनी सहादा सांगितले की षट्कोन. सर्व वळणांची बेरीज ३६० अंश, हा नियम मूल स्वतःच शोधून काढते.

याच विचारातून २००७ साली एमआयटी या संस्थेतून ‘स्क्रॅच’ आले. २०१३ पासून ते थेट ब्राउझरमध्ये चालू लागले. त्याच साली लॉरेन मॅकार्थी यांनी ब्राउझरमधील चित्रांसाठी ‘पी-फाइव्ह’ हे साधन सुरू केले. दोन्ही विनामूल्य आहेत.

आपल्याच जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेनांनी टिपलेल्या लहरींतून आकाशाची चित्रे तयार होतात, तीही संगणकाला दिलेल्या आज्ञांनीच.

पालकहो, घरातला मोबाइल केवळ पाहण्यासाठी नसावा. मुलाला आणि तितक्याच अगत्याने मुलीलाही त्यावर एक अष्टकोन काढू द्या. वळण किती अंशांचे, ते मात्र सांगू नका.